कीटकनामांचा अर्थ आणि आपले कोश : तेर परिसराच्या निमित्ताने

मराठी कोशांत कीटकांच्या नावांपुढे जो अर्थ दिलेला असतो, तो पुष्कळदा अर्थ नसतोच. ‘एक प्रकारचा किडा’, ‘एक अळी’, ‘पिकावर पडणारा एक रोग’ अशा धर्तीची स्पष्टीकरणे शब्दाचा वर्ग सांगतात, शब्द सांगत नाहीत. संस्कृत कोशपरंपरेतील ‘कीटविशेष’ या सोयीस्कर उत्तराचेच हे मराठी रूप होय. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. या दोन्ही कोशांचे आपल्यावरील ऋण इतके मोठे आहे की त्यांच्यातील उणिवेचा उल्लेख करतानाही संकोच वाटावा. तथापि ही उणीव आजच्या शब्दसंग्राहकांकडे वारशाने आली आहे आणि बोलींच्या अभ्यासात ती अधिक घातक ठरू लागली आहे, म्हणून तिचा विचार करणे अवश्य वाटते.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांच्या शब्दसंग्रहाच्या वह्या तपासताना हे विशेष जाणवते. जात्याच्या भागांची, मोटेच्या अवयवांची, लग्नविधींची नावे विद्यार्थी काळजीपूर्वक टिपतो. वस्तूचा उपयोग लिहितो, क्वचित आकृतीही काढतो. कीटकांपाशी आला की मात्र त्याची लेखणी ‘एक किडा’ एवढे लिहून पुढे सरकते. पानामागून पान उलटावे तो तुडतुडा हा एक किडा, भुंगेरा हा एक किडा, कुंभारीण हाही एक किडा. अशा नोंदीवरून शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला यांपैकी एकही प्राणी ओळखता येणार नाही. मग ही नोंद आपण कोणासाठी केली?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : मराठीतील बहुसंख्य कीटकनामे ही प्राण्याच्या आकाराची नावे नसून त्याच्या संबंधांची नावे आहेत. तो कशावर जगतो, काय करतो, मागे कोणती खूण ठेवतो आणि केव्हा दिसतो, या चार गोष्टींपैकी एक वा अधिक गोष्टी नावात गृहीत असतात. त्या वगळून दिलेला अर्थ अपुरा नव्हे, तर चुकीचा ठरण्याचा संभव असतो.

१

काही वर्षांपूर्वी रब्बीच्या दिवसांत तेर येथे शब्दसंग्रहासाठी जाण्याचा योग आला. काचेच्या नळ्यांत जपून ठेवलेले काही कीटक व काही चित्रे बरोबर घेतली होती. एका वृद्ध शेतकऱ्यापुढे हिरवट अळीची नळी धरून मी विचारले, ‘‘बाबा, याला तुमच्याकडं काय म्हणतात?’’ त्यांनी नळी फिरवून पाहिली व परत दिली. ‘‘किडाच की सर. पर कशावर घावला ते सांगा आधी.’’ मी म्हणालो, ‘‘हरभऱ्यावर.’’ त्यावर ते हसून म्हणाले, ‘‘मग घाट्यातली आळी म्हना की. उगी बाटलीत घालून इचारता व्हय?’’

या संवादात मला माझ्या पद्धतीचे परीक्षण झालेले दिसले. ‘किडाच की’ हे उत्तर माझ्या वहीत ‘एक किडा’ म्हणून उतरले असते आणि दोष मात्र निवेदकाच्या अज्ञानाकडे गेला असता. वस्तुतः अज्ञान प्रश्नकर्त्याचे होते. ज्या झाडावरून व ज्या कृतीतून प्राण्याला नाव मिळाले, ते झाड व ती कृती मी आधीच काढून टाकली होती आणि उरलेल्या शरीराचे नाव विचारीत होतो.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला ही चूक समजावून सांगावी लागत नाही. वस्तू कोणत्या थरात व कशाच्या सान्निध्यात सापडली याची नोंद नसेल, तर तिचे मोल निम्मे होते, हे तो जाणतो. तेरच्या बाबतीत तर स्थलनिश्चितीचा इतिहासही हेच सांगतो. ‘पेरिप्लस’मध्ये व टॉलेमीच्या भूगोलात उल्लेखिलेले तगर नगर कोणते, याविषयी दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थाने सुचविली गेली होती. फ्लीट याने १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर हे प्रतिपादन केले, ते केवळ ध्वनिसाम्यावर नव्हे. ‘तगर’मधील मधल्या व्यंजनाचा लोप होऊन ‘तेर’ हे रूप सिद्ध होते, एवढे म्हणून तो थांबला असता तर ते आणखी एक अनुमान ठरले असते. पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर असलेले व्यापारी नगर, हा प्राचीन ग्रंथातील संबंध त्याने स्थळाशी ताडून पाहिला. पुढे झालेल्या उत्खननांतून सातवाहनकालीन समृद्ध वसतीचे अवशेष मिळाले व त्या मताला पुष्टी आली. नावाची ओळख संबंधांवरून पटते, हा धडा तेरपुरता तरी नवा नाही.

२

तेरणेच्या काठच्या काळ्या रानात ज्वारी, हरभरा, करडई, तूर ही जुनी पिके. त्यांत गेल्या काही दशकांत सोयाबीनची मोठी भर पडली. या पिकांवरील कीटकांची मराठवाड्यात प्रचलित असलेली नावे पाहिली असता त्यांचे तीन गट सहज पडतात.

पहिला गट अन्नवनस्पतीचा. ‘घाटेअळी’ हे याचे ठळक उदाहरण. घाटा म्हणजे हरभऱ्याची शेंग. ही अळी घाट्याला भोक पाडून तोंडाकडचा भाग आत घालते, दाणा खाते आणि उरलेले अंग बाहेर लोंबत ठेवते. हरभऱ्याचा पाला आंब सोडतो. हात लावला तरी ती आंबट चव बोटाला येते. त्या आंबेला न जुमानता घाट्यापर्यंत पोचणारी अळी म्हणून शेतकरी तिला ओळखतो. नावात अवयव आहे, अवयवामुळे पीक सूचित आहे, आणि पिकामुळे हंगाम. चार अक्षरांत एवढी माहिती साठविणारा शब्द ‘एक प्रकारची अळी’ या अर्थाने रिकामा होतो.

दुसरा गट कृतीचा. ‘तुडतुडा’ हा शब्द उड्या मारण्याच्या लकबीवरून आलेला अनुकरणवाचक आहे. हा बारीक कीटक पानावर तिरका चालतो व धक्का लागताच उडतो. ‘उंटअळी’ चालताना पाठीची कमान करते; ती सरळ सरपटत असती तर तिला हे नाव मिळते ना. ‘रातकिडा’ या नावात वेळ आहे. जो प्राणी फक्त पाहिलेला आहे त्याला आकाराचे नाव मिळते. ज्याच्याबरोबर रोज राहावे लागते, त्याला कृतीचे नाव मिळते, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरा गट खुणेचा, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा सर्वांत मनोरंजक. येथे प्राणी नावात नसतोच. त्याने मागे ठेवलेली खूण असते. ज्वारीवर ‘चिकटा पडला’ असे म्हणतात तेव्हा पानावर पसरलेला चिकट गोड द्राव डोळ्यांसमोर असतो. तो द्राव मावा सोडतो, त्यावर मुंगळे येतात, पुढे काळी बुरशी चढते. ‘पोंगेमर’ म्हणजे रोपाचा मधला पोंगा सुकणे. ज्वारीचे रोप कोवळे असताना खोडमाशीची अळी वाढीच्या कोंभापर्यंत जाते. सुकलेला पोंगा ओढला तर सहज निघून येतो आणि त्याचा बुडखा कुजका, घाण वासाचा असतो. पोंगा सुकण्यापूर्वी पानावर ओळीने भोके दिसत असतील, तर काम खोडकिड्याचे. हा भेद शेतकरी पोंगा उपटून व हुंगून करतो. कोशात मात्र ‘पोंगेमर’ म्हणजे ‘ज्वारीचा एक रोग’ असे लिहिले की माशी, अळी, वास, भोके हे सारे एका ‘रोग’ शब्दाखाली गाडले जाते.

हा प्रकार केवळ जुन्या शब्दांचा आहे, असे समजू नये. सोयाबीन हे या भागातील तुलनेने नवे पीक. त्यावरील एका भुंगेऱ्याला ‘चक्रीभुंगा’ हे नाव मिळाले. त्याची मादी देठावर वा खोडावर एकावर एक दोन वर्तुळाकार चिरा पाडते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडे घालते. वरचा भाग वाळतो. चक्र प्राण्याच्या अंगावर नाही, झाडाच्या अंगावर आहे. पीक नवे, कीड नवी, पण नाव पडण्याची रीत ‘चिकटा’ व ‘पोंगेमर’ यांचीच. म्हणजे ही पद्धती भाषेत अद्याप जिवंत व सर्जनशील आहे.

३

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. लोकभाषेतील ही नावे शास्त्रीय जातींशी जुळत नाहीत. मग त्यांवर एवढा भार का द्यावा?

जुळत नाहीत हे खरेच. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही एकच जात हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी ठरते. प्राणी एक, नावे चार. उलट ‘मावा’ या एकाच नावाखाली अनेक जाती येतात. करडईवरील काळा मावा वेगळा, ज्वारीच्या पोंग्यातील निळसर हिरवा मावा वेगळा, ज्वारीच्याच पानाखालचा पिवळट मावा आणखी वेगळा. नाव एक, प्राणी अनेक.

आयुष्याच्या अवस्थांमुळे तर हा घोटाळा वाढतो. हुमणी ही जमिनीत राहून ऊस, भुईमूग यांची मुळे खाणारी पांढरी, अर्धवर्तुळाकार वळलेली अळी. तिचाच प्रौढ म्हणजे भुंगेरा. वळवाचे पहिले पाऊस पडले की तो तिन्हीसांजेला जमिनीतून निघतो आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातो. मादी परत मातीत अंडी घालते आणि नुकसान दिसते ते पुढे पावसाळ्यात, दुसऱ्याच वनस्पतीच्या मुळाशी. दोन अवस्था, दोन अन्नवनस्पती, दोन नावे. कोशात ‘हुमणी’ व ‘भुंगेरा’ या नोंदी एकमेकींपासून कित्येक पाने दूर असतात आणि एकीत दुसरीचा निर्देश नसेल, तर त्या दोन निराळ्या प्राण्यांच्या नोंदी होऊन बसतात. हुमणीचा बंदोबस्त करावयाचा तर जूनच्या संध्याकाळी कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, हा उपाय कृषिशास्त्र सांगते. तो उपाय या दोन शब्दांमधील संबंधावरच उभा आहे.

म्हणून आक्षेपाचे उत्तर असे : लोकनामे जातींशी जुळत नाहीत, हाच त्यांच्या अर्थाची नोंद करण्याचा हेतू होय. ती जातींशी तंतोतंत जुळली असती, तर शास्त्रीय नाव लिहून काम भागले असते. ती जुळत नाहीत म्हणून प्रत्येक नावापुढे वनस्पती, कृती व खूण लिहावी लागते. लोकांचे प्राणिवर्गीकरण उपयोगावर आधारलेले असते की आकारसादृश्यावर, हा वाद मानवजातिशास्त्रात बराच काळ चालू आहे. ब्रेंट बर्लिन याने १९९२ मधील आपल्या ग्रंथात निसर्गात डोळ्यांना दिसणाऱ्या साम्यभेदांकडे कौल दिला. पक्षी व वृक्ष यांच्या बाबतीत ते मत पुष्कळ अंशी पटते. परंतु शेतातील बारीक कीटकांच्या मराठी नावांवरून पाहता, डोळ्यांना प्रथम प्राणी दिसत नाही. पान दिसते, पोंगा दिसतो, घाट्याचे भोक दिसते. नाव तेथून निघते.

४

जुन्या कोशकारांइतकाच विचार आजच्या पारिभाषिक नावांचाही केला पाहिजे. शेतीविषयक सल्लापत्रकांतून आज जी नावे गावोगावी पोचतात, त्यांतील काही इंग्रजी नावांची शब्दशः भाषांतरे आहेत. स्पोडोप्टेरा लिट्युरा या जातीला ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’ म्हणतात. तंबाखूच्या पट्ट्यात हे नाव रास्त असेल. परंतु हीच अळी अनेक पिके खाते आणि सोयाबीनवर ती दिसते तेव्हा सोयाबीनच्या शेतकऱ्याला तंबाखूचे नाव वाचावयास मिळते. म्हणजे अन्नवनस्पतीवरून नाव देण्याची रीत येथेही पाळली गेली, पण वनस्पती दुसऱ्या प्रदेशातील राहिली. वास्तविक या अळीची खूण फार स्पष्ट आहे : अंडी पुंजक्याने, वर केसांचे आवरण, बारीक अळ्या एकत्र राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पान जाळीसारखे होते. शेतात दुरून दिसते ते हे जाळीदार पान. नाव त्यावरून पडले असते, तर ते कोणत्याही पिकावर खरे ठरले असते.

‘अमेरिकन लष्करी अळी’ या नावाची गोष्टही अशीच. ही कीड भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर आढळली व लवकरच महाराष्ट्रात आली. नावातील पहिला शब्द तिचा मूळ देश सांगतो, दुसरा इंग्रजी नावाचा अनुवाद आहे. मक्याच्या पोंग्यात बसून ती खाते, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा पोंग्यात साचते, डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण असते व शेपटाकडे चार ठिपके चौकोनात असतात. यांपैकी एकही गोष्ट नावात नाही. त्यातच ‘लष्करी अळी’ हे नाव निरनिराळ्या जातींना लावले जाऊ लागल्यामुळे, एका अळीसाठी सांगितलेला उपाय दुसरीवर केला जाण्याचा धोका उत्पन्न होतो. शब्दार्थाची ढिलाई येथे व्याकरणाच्या वर्गापुरती राहात नाही. ती शेतकऱ्याच्या खर्चात जमा होते.

शास्त्रीय परिभाषा नको, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. लिनीअसने १७५८ मध्ये रेशमाच्या किड्याला बाँबिक्स मोरी हे नाव दिले, त्यातील दुसरे पद तुतीचे आहे. म्हणजे शास्त्रालाही अन्नवनस्पतीचे नाव वर्ज्य नव्हते. नाव परके आहे ही तक्रार नसून, ते जेथे वापरावयाचे तेथील पान त्यात नाही, ही तक्रार आहे.

५

हा प्रश्न केवळ कृषिशब्दांचा असता, तर या विभागाच्या पत्रिकेत त्याची चर्चा कदाचित अस्थानी ठरली असती. परंतु कीटकांची ओळख चुकली की काव्यार्थही चुकतो.

तेर हे गोरोबाकाकांचे, संत गोरा कुंभार यांचे गाव. तेथील जुन्या घरांच्या भिंतीवर, तुळईच्या कोपऱ्यात मातीची लहान लहान घरटी दिसतात. ती करणाऱ्या गांधीलमाशीसारख्या कीटकाला मराठीत कुंभारीण म्हणतात. हे नावही कृतीचेच : ओली माती तोंडाने आणून ती घडण करते. यांपैकी एका कुळाचे घरटे खरोखरच अरुंद गळ्याच्या व बाहेर वळलेल्या ओठाच्या मडक्यासारखे असते.

आपल्या संतवाङ्मयात पुनःपुन्हा येणारा कीटभृंगाचा किंवा कीटभ्रमराचा दृष्टांत याच प्राण्याचा आहे. भृंगाने कोंडलेली अळी भयाने त्याचेच ध्यान करते व शेवटी भृंगच होऊन बाहेर पडते. तसा भक्त देवाच्या ध्यानाने देवरूप होतो. वर्गात आणि सटीप आवृत्त्यांत ‘भृंग म्हणजे भुंगा’ एवढा अर्थ देऊन पुढे जाण्याची रीत आहे. पण भुंगा अळी कोंडीत नाही. तो फुलांवर जातो. मग विद्यार्थ्याने दृष्टांत समजावा कसा? त्याच्या मनात कमळाभोवती गुणगुणणारा काळा भुंगा उभा राहतो आणि अळी कोठून आली हे त्याला कळत नाही. तो दृष्टांत पाठ करतो, पाहात नाही.

ग्रंथ स्वतः मात्र हा घोटाळा करीत नाहीत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत फुलाफुलांतून थोडेथोडे घेणारा मधुकृत् हा एक गुरू, आणि किड्याला भिंतीतील घरट्यात कोंडणारा पेशस्कृत् हा अगदी निराळा, शेवटचा गुरू. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण केलेली टीका याच स्कंधावर आहे. फूल व भिंत, मध व अळी, या संबंधांवरून दोन प्राणी स्पष्टपणे वेगळे होतात. आता १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाकडे वळावे. अर्जुनाला आप्तांच्या स्नेहाने कसे बांधले हे सांगताना ज्ञानदेव भ्रमराचा दृष्टांत देतात : कोरडे लाकूड कोरून जाणारा तो कोवळ्या कळीत मात्र अडकतो. लाकूड कोरण्याची ही कृती मधमाशीची नव्हे, कुंभारणीची तर नव्हेच. ती लाकडात घर करणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याची, शास्त्रात झायलोकोपा म्हणतात त्याची आहे. कळीत अडकणे हा काव्यसंकेत असेल. लाकूड कोरणे हे निरीक्षण आहे, आणि सारा विरोधाभास त्या निरीक्षणाच्या खरेपणावर आधारलेला आहे.

अशा रीतीने ‘भुंगा’ या एका कोशार्थाखाली तीन प्राणी दडलेले आहेत : फुलांतून मध गोळा करणारा, लाकूड कोरणारा आणि माती घडविणारा. ‘भ्रमर’, ‘भृंग’, ‘मधुकर’ हे शब्द कवी अनेकदा अदलाबदलीने वापरतात, हे मान्य आहे. म्हणूनच शब्दावरून निर्णय न करता कृतीवरून करावा लागतो. प्राणी फुलावर आहे, लाकडात आहे की भिंतीवर आहे, एवढे विचारले की बहुतेक स्थळी संशय फिटतो.

दृष्टांतातील निरीक्षण कितपत खरे, हेही पाहण्यासारखे आहे. कुंभारीण अळी आणते, ती मातीच्या घरट्यात कोंडते, तोंड लिंपते, आणि काही दिवसांनी त्याच घरट्यातून नवी कुंभारीण बाहेर पडते. एवढे सर्व अक्षरशः खरे आहे. चुकला तो मधला, न दिसणारा दुवा. मादी अळीला डंख करून निश्चेष्ट करते, मारीत नाही. घरट्यात स्वतःचे अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या ताज्या भक्ष्यावर वाढते. फ्रान्समधील झाँ आंरी फाब्र याने १८७९ ते १९०७ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या दहा खंडांच्या निरीक्षणग्रंथात या वर्गातील कीटकांचे वर्णन अपार चिकाटीने केले आहे. मडक्यासारखे घरटे करणाऱ्या जातीचे अंडे घरट्याच्या छताला बारीक तंतूने टांगलेले असते, हेही त्याने पाहिले. भक्ष्यावरून येथेही जातींची ओळख पटते : मडक्यासारखे घरटे करणारी अळ्या भरते, मातीच्या नळ्या शेजारी शेजारी लिंपणारी दुसरी कुंभारीण, स्केलिफ्रॉन, कोळी भरते. पाडलेल्या घरट्यात अळ्या आहेत की कोळी आहेत, हे पाहिले की घर कोणाचे ते सांगता येते. दृष्टांतातील प्राणी अळी कोंडणारा आहे, यावरून तो पहिल्या कुळातील असावा असे म्हणणे युक्त होईल.

यात संतांचे काही उणे होत नाही. त्यांनी भिंतीवर जे दिसले ते नेमके सांगितले. उणे होते ते आपले. कारण आपण भिंतीकडे न पाहता कोशाकडे पाहिले.

६

आता विधायक सूचना. कोशकाराने कीटकशास्त्रज्ञ व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याने प्रत्येक कीटकनामापुढे चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत : कशावर? काय करताना? मागे काय राहते? केव्हा? शास्त्रीय नाव पाचव्या क्रमांकाचे, आणि तेही तज्ज्ञाने नमुना पाहून निश्चित केले असेल तरच. चुकीच्या शास्त्रीय नावापेक्षा वनस्पतीचे बरोबर नाव अधिक उपयोगी, कारण त्यावरून पुढील अभ्यासक प्राण्यापर्यंत पोचू शकतो. चुकीच्या लॅटिन नावावरून तो फक्त चुकीपर्यंत पोचतो. मोल्सवर्थने किंवा दाते-कर्वे यांनी जेथे जेथे पिकाचा वा कृतीचा उल्लेख केला आहे, तेथे तो शब्द आजही आपल्याला उलगडतो, हा याचा पुरावा होय.

या रीतीने ‘चिकटा’ची नोंद अशी होईल : ज्वारीच्या पानांवर पसरणारा चिकट, गोड द्राव; तो सोडणाऱ्या माव्यासही लक्षणेने; त्यावर मुंगळे येतात व नंतर काळी बुरशी चढते; ‘पडणे’ या क्रियापदाबरोबर प्रयोग; पाहा : मावा. ‘कुंभारीण’ची नोंद : भिंतीवर वा तुळईवर मातीचे घरटे करून त्यात निश्चेष्ट केलेल्या अळ्या किंवा कोळी कोंडणारी माशी, कीटभृंगाच्या दृष्टांतातील भृंग, पाहा : भुंगा, मधमाशी. यासाठी पानभर जागा लागत नाही. तीन ओळी पुरतात.

संग्रहाची पद्धतही त्यानुसार बदलली पाहिजे. नळीतील नमुना व चित्र ही पडताळ्याची साधने आहेत, प्रश्नाची नव्हेत. प्रश्न शेतात, झाडापाशी, हंगामात विचारावा. ‘याला काय म्हणतात?’ याऐवजी ‘या पानाला काय झालं?’ असे विचारले, तर नाव आपोआप येते आणि त्याबरोबर क्रियापदही येते. पडणे, लागणे, पोखरणे, लिंपणे ही क्रियापदे नावाइतकीच मोलाची आहेत. ग्रिअर्सनने १८८५ मधील ‘बिहार पीझंट लाइफ’मध्ये शब्द अकारविल्हे न लावता वस्तू व कामे यांच्या क्रमाने मांडले, त्यामागे हीच दृष्टी होती. मराठीत त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा कोश नसूनही अनेक ग्रामीण शब्दांचा अर्थ कोशापेक्षा नीट कळवितो, तो शब्द कामात दिसतात म्हणून.

हे काम निवांतपणे पुढे ढकलण्याजोगे नाही. पिके बदलतात तशी नावे जातात. मराठवाड्यात करडईचे क्षेत्र घटले. ज्याने आयुष्यात करडईवरचा काळा मावा पाहिला नाही, त्याला त्या पिकाभोवतीच्या शब्दांची गरज राहणार नाही. जुन्या माळवदाच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे येतात. कुंभारीण तेथेही भिंत शोधते, पण ती पाहून नाव घेणारी आजी घरात असेलच असे नाही. औषधाच्या बाटलीवरील नाव मात्र सर्वत्र सारखे असते. पुढच्या पिढीपर्यंत ‘एक किडा’ एवढेच पोचले, तर तिने आपली नोंद वाचून काही समजावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून कच्चे कोण, पक्के कोण हे पाहिले, अशी कथा आहे. कोशातील कीटकनामांची अशीच परीक्षा एकदा घेणे इष्ट ठरेल. ‘कशावर घावला?’ या प्रश्नाला ज्या नोंदीतून उत्तर मिळत नाही, ती नोंद कच्ची समजावी आणि ती पक्की करण्यासाठी पुन्हा रानात जावे.